घराचा ठेवा, संसाराचा काढा

मित्रांनो, मी एक जुना गीझर आहे आणि माझं डोकं तापलेलं आहे. पाणी तापवायचं काम संपलं, वायर कापली, नळ्या सोडवल्या, पोटाला भोक पडलं. आता गॅलरीत मोडक्या खुर्चीशेजारी आडवा पडून मी भंगारवाल्याची वाट बघतोय. पण राग काही थंड होत नाही. जाता-येता घरातलं जो तो माझ्याकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, "यानेच घात केला." सासूबाई तर शेजारणींना मुद्दाम इथवर आणतात आणि मला दाखवतात, जसा काही मी रंगेहाथ पकडलेला चोरच. म्हणून म्हटलं, जायच्या आधी खरं काय ते एकदाचं सांगून टाकावं. गोड बोलण्याची अपेक्षा मात्र माझ्याकडून ठेवू नका.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. जाड पत्र्याची टाकी, वरून पांढराशुभ्र रंग, आणि पोटात एक धातूची कांडी. ही कांडी पाणी तापवत नाही हं. ती नुसती उभी असते. बघणाऱ्याला वाटावं, ही फुकटची इथे कशाला? पण पाण्याला लोखंड खायची वाईट खोड असते, आणि या कांडीचा धातू त्याला लोखंडाहून जास्त आवडतो. पाणी आधी तिला खातं आणि टाकीला सोडतं. ती झिजते म्हणून मी टिकतो. ती संपत आली की दुसरी बसवायची, एवढीच तिची मागणी. एवढं लक्षात ठेवा, कारण या घरात हे कोणाच्याच लक्षात राहिलं नाही.

हे घर नवं होतं तेव्हा मला आणलं. बाथरूममध्ये जागा नव्हती, म्हणून पलीकडच्या छोट्या खोलीच्या माळ्यावर मला बसवलं आणि भिंतीतून नळी बाथरूममध्ये नेली. घरात माणसं तीन. फरशीच्या कारखान्यात काम करणारे मालक, त्यांची आई म्हणजे सासूबाई, आणि बाई. मालक कारखान्यातून पांढरी धूळ पांघरूनच यायचे आणि माझ्या पाण्याने माणसात यायचे. सासूबाईंचे गुडघे थंडीत धरायचे. कढत पाण्याने शेकून झालं की त्या म्हणायच्या, "या गीझरने मला पाय दिले." मित्रांनो, तेव्हा मी फुशारून जायचो. त्याच सासूबाई आज मला चोर म्हणतात. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय.

माझ्या खालची छोटी खोली आधी अडगळीची होती. बाईंनी ती झाडून-पुसून घेतली आणि तिथे बाइंडिंगचं काम सुरू केलं. लग्नाआधी त्या एका छापखान्यात ते काम शिकल्या होत्या. खिळखिळी झालेली पुस्तकं यायची. बाई ती हळूच उसवायच्या, फर्मे, म्हणजे दुमडलेल्या पानांचे गठ्ठे, पुन्हा शिवायच्या, कण्याला कापड लावायच्या, पुठ्ठा चढवायच्या आणि शिकंज्यात दाबून ठेवायच्या. खळ कालवायला पाणी माझंच. कढत असेल तर खळीत गुठळ्या होत नाहीत, असं त्या म्हणायच्या. दोन्ही भिंतींना फळ्या ठोकून त्यावर लोकांची पुस्तकं ओळीने लावलेली असायची. आधी हे काम म्हणजे हातखर्चापुरतं होतं. पुढे त्याच कामावर घर चालायला लागलं.

कारण कारखान्यात पाळ्या कमी झाल्या. मालक निम्मे दिवस घरी बसू लागले. खर्च कापायचे ठरले, आणि त्यात चुकीचं काहीच नव्हतं. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे मलाही कळतं. सासूबाईंनी वर्तमानपत्र बंद केलं, स्वतःच्या चहातलं दूध कमी केलं. बाई बस सोडून पायी जाऊ लागल्या. मालकांनी सिगारेट सोडली, खरोखर सोडली, खोटं कशाला बोलू. फक्त एका गोष्टीला कोणी हात लावला नाही. मालकांची गाडी. तिच्या विम्यात काच फुटली तर, ओरखडा आला तर, आरसा तुटला तर, सगळं होतं. खालच्या गल्लीत उभी असलेली ती गाडी लोकांना दिसते ना. घराच्या आतलं काय मोडतं ते कोणाला दिसतंय?

मग एक दिवस मालकांचे थोरले भाऊ आले. यांच्या प्रत्येक वाक्याची सुरुवात 'मी सांगतो' अशी व्हायची. नोकरी कोणती करावी, फ्रिज कोणता घ्यावा, वांगं कसं चिरावं, सगळं हे सांगणार. बाई कामात होत्या, म्हणून चर्चा माझ्या खालच्या खोलीतच भरली.

"मी सांगतो तुला," थोरले म्हणाले, "घराचा विमा म्हणजे दरवर्षी विहिरीत पैसे टाकणं. इतक्या वर्षांत एक दमडी तरी परत आली का?"

"नाही आली, दादा," मालक म्हणाले.

"घराला काही झालं का?"

"नाही झालं."

"मग?"

आपल्या या 'मग'वर ते असे खूश झाले की त्यांनी दुसरा चहा मागितला. माझ्या अंगाची लाही लाही झाली. अरे शहाण्या माणसा, दाराला कुलूप घालतोस ना? चोर आला नाही म्हणून वर्षाअखेरीला कुलूपवाल्याकडे पैसे परत मागायला जातोस का?

बाईंनी हातातला फर्मा खाली ठेवला नाही. शिवता शिवताच म्हणाल्या, "भाऊजी, काही झालं नाही हे चांगलंच ना? बाकी काय हवं ते कापा. गाडीच्या ओरखड्यांचा विमा कापा." मग मालकांकडे वळून म्हणाल्या, "अहो, या खोलीत आहे ते माझं नाही, लोकांचं आहे. आणि ग्रंथालयाचं मोठं काम यायचं आहे. घराचा आहे तसा राहू दे, पण संसाराचा नव्याने काढा. गिऱ्हाइकांची पुस्तकं धरून."

हे घराचा आणि संसाराचा काय ते सांगतो. या विम्याचे दोन भाग होते. भिंती, छप्पर, फरशी यांचा एक, आणि आतल्या सामानाचा दुसरा. विमावाला पहिल्यांदा आला तेव्हा त्याने समजावून सांगितलं होतं, "हा घराचा, आणि हा तुमच्या संसाराचा." तेव्हापासून घरात तेच शब्द रुजले.

मालक 'बघतो' म्हणाले. मग दोघे भाऊ गॅलरीत गेले. माझ्या माळ्याची झडपेची खिडकी गॅलरीतच उघडते, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. थोरले म्हणाले, "मी सांगतो. बायका भित्र्याच असतात. संसाराचा काढून टाक. भिंती राहिल्या म्हणजे झालं, सामान काय, कधीही घेता येतं." मालकांनी मान डोलवली. बाई आत दोरा ओवत होत्या. त्यांना यातलं अक्षर ऐकू गेलं नाही.

त्याच आठवड्यात मला बघायला मेकॅनिक आला होता, कारण माझ्या पोटात क्षार साचून मी गुडगुडायला लागलो होतो. त्याने मला उघडलं आणि माझी कांडी बाहेर काढून मालकांच्या हातात दिली. कांडी कसली, नुसती आतली तार उरली होती. तो म्हणाला, "ही संपली, नवी टाकू." मालकांनी ती तार उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "गीझर गळतोय का?" मेकॅनिक म्हणाला, "नाही, अजून तरी नाही." मालक म्हणाले, "मग राहू दे. पुढच्या वेळी बघू." मित्रांनो, तेच 'मग'. थोरल्या भावाने दिलेलं, जसंच्या तसं. जिने झिजून मला वाचवलं, तिलाच हे विचारतात की तू केलंस काय. तार परत माझ्या पोटात ठेवून झाकण लावलं. तेव्हापासून पाणी मला खायला लागलं.

आणि मग तो फोन. ऐका नीट, सगळी माती इथेच झाली. बाई एका जाड पुस्तकाच्या कण्याला खळ लावत होत्या. दोन्ही हात भरलेले. बाहेरच्या खोलीत मालक विमावाल्याशी बोलत होते, आणि त्यांचा आवाज आला, "हां, घराचा ठेवा. संसाराचा काढा. हो, हो, काढा."

बाईंचा चेहरा उजळला. मी वरून बघत होतो. आपल्या भाषेत विमा काढतात म्हणजे घेतात, आणि दात काढतात म्हणजे उपटतात. मालक दात काढल्यासारखं बोलत होते आणि बाईंना विमा काढल्यासारखं ऐकू आलं. त्यांनीच तर 'नव्याने काढा' म्हटलं होतं. त्यांना वाटलं, ऐकलं बाई आपलं.

संध्याकाळी त्यांनी विचारलं, "फोन केलात?"

"केला."

"काढला?"

मालक म्हणाले, "काढला."

"बरं झालं बाई," असं म्हणून त्या पोळ्या लाटायला गेल्या. त्या दिवशी त्यांनी मालकांच्या आवडीची भाजी केली. मालक जेवले, आणि मनात म्हणाले असतील, बायको किती समजूतदार, एका शब्दाने भांडली नाही. माझा तर तोल सुटला. अरे, एकमेकांना एक वाक्य पूर्ण बोलता येत नाही तुम्हाला? काढला म्हणजे काय केलं, एवढं विचारायला जीभ झडते? मी होतं नव्हतं ते बळ एकवटून गडगडलो. सासूबाई बाहेरून म्हणाल्या, "म्हातारा कुरकुरतोय गं, बटण बंद कर." झालं. या घरात माझं नाव म्हातारा, आणि माझ्या बोलण्याचं नाव कुरकुर.

पुढे ग्रंथालयाचं काम आलं. गावातल्या जुन्या वर्तमानपत्रांचे बांधीव खंड होते ते. पिवळे पडलेले, कडा झडलेले, आणि दुसरी प्रत कुठेच नाही. ग्रंथपालबाई स्वतः घर बघायला आल्या. म्हणाल्या, "काम तुमचं बघितलंय मी, त्याची शंका नाही. पण एवढा ठेवा घरात ठेवायचा म्हणजे जोखीम आहे हो."

"काळजी करू नका," बाई म्हणाल्या, "विमा काढलाय. गिऱ्हाइकांची पुस्तकं धरून." किती ताठ मानेने म्हणाल्या त्या. मालक तेव्हा कारखान्यात होते. असते तर कदाचित तिथेच उलगडा झाला असता, पण नव्हते.

बाईंनी जीव ओतून काम केलं. एकेक पान मऊ ब्रशने झटकलं, फाटल्या कडांना पातळ कागद लावला. थोडे खंड पूर्ण झाले तेव्हा एका दुपारी ते रिक्षात घालून त्या ग्रंथालयात पोचवायला गेल्या. मालक कामावर. सासूबाई बाहेरच्या खोलीत रेडिओ लावून आडव्या झालेल्या. आणि माझ्या टाकीला खालून भोक पडलं.

मी फुटलो नाही, मित्रांनो. मला कुरतडू दिलं गेलं. जमेल तितके दिवस मी दात-ओठ खाऊन धरून ठेवलं होतं. पण एकदा भोक पडल्यावर माझ्या हातात काय होतं? गच्चीवरच्या टाकीतून पाणी येतच राहिलं आणि माझ्यातून खाली पडतच राहिलं. आधी भिंतीवरून, मग फळ्यांवर, मग शिकंज्यातल्या खंडांवर. पुठ्ठे फुगले. शाई पसरली. खळ सुटली. माझ्याच पाण्यात कालवलेली खळ माझ्याच पाण्यात विरघळली, आणि ते मला वरून बघावं लागलं. भिंतीचा गिलावा पोपडे धरून कोसळला. त्या आवाजाने सासूबाई जाग्या झाल्या, पण पाणी कुठून बंद करायचं हे त्यांना माहीत नव्हतं.

बाई परत आल्या त्या हसतच. "आई, ग्रंथपालबाई दरवर्षीचं काम देणार म्हणाल्या," असं बोलत चप्पल काढली आणि पाय पाण्यात पडला. त्यांनी धावत जाऊन नळाची चावी बंद केली. मग खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. पदर खोचला आणि ओली पानं सोडवायला बसल्या. हात लावला की पानाचा लगदा व्हायचा. तरी त्या पुढचं पान धरायच्या.

मालक आले तेव्हा त्या तशाच बसलेल्या होत्या. त्यांनाच धीर देत म्हणाल्या, "तुम्ही घाबरू नका. खंड काही परत येणार नाहीत. पण विमा काढलाय ना आपण संसाराचा, ग्रंथालयाला भरपाई तरी देता येईल. तोंड दाखवायला जागा राहील."

मालक फळ्यांवरची ओली पुस्तकं उचलायला लागले.

"काढलाय ना?"

"काढलाय."

"मग लावा ना फोन."

"अगं," मालक म्हणाले, "काढलाय म्हणजे... काढून टाकलाय."

हातातलं पान बाईंनी जपून बाजूला ठेवलं. मग विचारलं, "आणि मी बरं झालं म्हणाले, तेव्हा तुम्हाला नवल नाही वाटलं?"

"वाटलं."

"मग विचारलं का नाही?"

"वाटलं, विचारलं तर पुन्हा वाद होईल."

मला त्या माणसाची कीव आली, आणि त्याहून जास्त संताप आला. वाद होईल म्हणे. अरे, वाद झाला असता तर खोली वाचली असती.

विमावाला आला. भला माणूस होता, नियमाने वागला. ओली भिंत बघितली, छत बघितलं, पायाने फरशी ठोकून बघितली आणि म्हणाला, "घराचा आहे तुमचा. भिंत करून मिळेल." खाली लगद्याचा ढीग पडला होता, तो ओलांडून तो गेला. त्या ढिगाचं त्याच्याकडे काही नव्हतं.

ग्रंथपालबाई खंडांतलं उरलंसुरलं न्यायला आल्या. आरडाओरडा त्यांनीही केला नाही. जाताना दारात एवढंच म्हणाल्या, "तुम्ही विमा काढलाय म्हणाला होतात."

"म्हणाले होते," बाई म्हणाल्या. स्वतःची बाजू सांगायची तर नवऱ्याचं नाव घ्यावं लागलं असतं. ते त्यांनी घेतलं नाही. त्यामुळे गावात झालं असं की बाइंडरबाई खोटं बोलून लोकांचा माल ठेवून घेतात. मग बाकीची गिऱ्हाइकंही आपापली पुस्तकं उचलून गेली. शिकंजा आणि कटिंगचं यंत्र गंजलं होतं, ते मिळेल त्या भावाने गेलं. आता बाई दुसऱ्याच्या कारखान्यात जातात. तिथे दिवसभर उभ्याने वह्यांच्या कडा कापतात. कोणत्याही वहीवर त्यांचा हात फिरत नाही, नुसतं पातं फिरतं.

थोरले भाऊ येऊन गेले. पाण्यात भिजलेली खोली बघून मान हलवली आणि म्हणाले, "मी सांगत होतो, हा गीझर आधीच बदलायला हवा होता." ऐकलंत? आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. चूक कोणाची, तर म्हाताऱ्याची. मला तोंड नाही ना.

गवंड्याने भिंत सुरेख केली. गुळगुळीत गिलावा, वर फिकट पिवळा रंग. सासूबाई शेजारणींना आधी ती भिंत दाखवतात, मग मला दाखवतात. एकदा बाईंच्या देखतच म्हणाल्या, "भिंत मात्र आधीपेक्षा छान झाली हो." बाई म्हणाल्या, "हो ना. घर राहिलं. संसार तेवढा काढला." सासूबाईंनी शेजारणींना लगेच गॅलरीकडे वळवलं.

काल मालकांनी पुन्हा विमावाल्याला फोन लावला. त्या छोट्या खोलीच्या दारात उभे राहून बोलत होते, म्हणून मला गॅलरीतून सगळं दिसलं. म्हणाले, "संसाराचा काढायचाय." आणि घाईघाईने पुढे म्हणाले, "काढायचा म्हणजे घ्यायचा. नव्याने घ्यायचा. समजलं ना तुम्हाला? घ्यायचा." किती नीट बोलता येतं बघा माणसाला, वेळ निघून गेल्यावर. पलीकडून त्याने काहीतरी विचारलं. मालकांनी तेच स्वतःशी म्हटलं, "काय काय धरायचं त्यात?" आणि खोलीकडे बघितलं. नवी भिंत, रिकाम्या फळ्या, कोपऱ्यात खळीचं वाळलेलं भांडं. मग "नंतर सांगतो" म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मित्रांनो, माझ्यासाठी हळहळू नका. मी पत्रा आहे, वितळवतील, उद्या तवा होईन. पण ऐका माझं. घरात पैशाची ओढाताण झाली की काहीतरी कापावंच लागतं, ते खुशाल कापा. मात्र जे गुपचूप झिजून तुम्हाला सांभाळतंय, त्याने केलं काय असं विचारून त्याच्यावर सुरी चालवू नका. आधी ते कोणाला सांभाळतंय ते बघा. जिच्या हातावर घर चालतंय तिला विचारा, आणि तिच्या समोर विचारा, गॅलरीत जाऊन नव्हे. आणि घरातलं जुनं काही कुरकुरत असेल तर बटण बंद करण्याआधी एकदा ऐकून घ्या.

जिन्यात पावलं वाजतायत. भंगारवाला आला वाटतं. दाराशी थांबून तो रोजच्या सवयीने विचारतो, "बोला ताई, काय काढायचंय?"

आत तिघंही आहेत. पण 'काढा' हा शब्द कोणी घेत नाही, सगळे नुसतं माझ्याकडे बोट दाखवतात.